ट्रेल सायकल घेताना: आधी वाट, मग अंगकाठी, मग चाक

सायकलच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला: "साडेसत्तावीस दाखवू की एकोणतीस?" प्रश्न चुकीचा नाही, फक्त तो तिसऱ्या नंबरवर यायला हवा. आपण कुठल्या वाटांवर जाणार आणि आपली अंगकाठी कशी, ही दोन उत्तरं खिशात असतील तर चाकाचा आकार बहुतेक वेळा आपोआप ठरतो. ती नसतील तर गोदामात जो माल पडून आहे तोच "तुमच्यासाठी एकदम परफेक्ट" निघतो.

डांबरी रस्ता सोडून मुरूम-दगडांवर नियमित सायकल घालायची इच्छा झालेल्यांसाठी हे लिहितो आहे. रविवारी गल्लीतून फिरवायला दणकट दिसणारी सायकल हवी असेल तर एवढ्या खोलात जायची गरज नाही.

वाट कुठली?

एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, म्हणून विकली जाणारी प्रत्येक सायकल ट्रेलची नसते. क्रॉस-कंट्रीची सायकल हलकी, पुढे झुकायला लावणारी आणि साधारण १०० ते १२० मिलिमीटर ट्रॅव्हलची, म्हणजे शॉकअप तेवढाच दबणारी. ट्रेल बाइकचा ट्रॅव्हल १२० ते १५०. त्यापुढे एन्ड्युरो, १५० ते १७०, उतारावर जीव ओतणारी. आपल्याकडे तशी सायकल घेऊन चढ चढवणं म्हणजे घामाघूम व्हायची हौस. बऱ्याच फ्रेमवर एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या वर्गवारीचा छोटा स्टिकर असतो, तो शोधून वाचा. तिथे ३ असेल तर खडबडीत वाटा आणि साधारण ६१ सेंटिमीटरपर्यंतच्या उड्या, ४ असेल तर १२२ सेंटिमीटरपर्यंत. २ असेल तर ती कच्च्या रस्त्याची सायकल, टायर कितीही जाड असोत.

आता आपली जमीन. देशावरच्या टेकड्यांवर मुरूम आणि त्यावर पसरलेले सुटे दगड असतात. ट्रेकवाले ज्याला घसारा म्हणतात तो इथे जागोजागी. पुढचं चाक घसाऱ्यात सरकतं ते जमिनीवरची पकड गेल्यामुळे. दगड ओलांडता न आल्यामुळे चाक अडतं, ती वेगळी अडचण. पकड सुटत असेल तर रुंद टायर आणि कमी हवा कामी येते, चाक मोठं असून फारसा फरक पडत नाही. कोकणात आणि गोव्यात जांभा. कोरड्या जांभ्यावर टायर छान चिकटतो, पण त्या खडबडीत, भोकाभोकांच्या कातळावर लहान-लहान हादरे सतत बसत राहतात. तिथे मात्र मोठ्या चाकाचा फायदा लगेच जाणवतो. घाटमाथ्यावरच्या झाडीत मुळं आणि तीव्र वळणं. आणि काळ्या मातीचा पट्टा असेल तर पावसाळ्यात सगळे हिशोब गुंडाळून ठेवा. टायर आणि फ्रेम यांच्यात दोन बोटं जागा नसेल तर पन्नास पावलांत चाक फिरायचं बंद होतं आणि सायकल खांद्यावर येते.

तेव्हा दुकानात जायच्या आधी कागदावर लिहा: महिन्यातल्या बहुतेक फेऱ्या कुठे होणार? वर्षातून एकदा मनालीला जायचं स्वप्न बाजूला ठेवा. घरापासून तासाभरात पोचता येणारी टेकडी हीच तुमची खरी वाट, सायकल तिच्यासाठी घ्या. ती टेकडी वनखात्याच्या हद्दीत आहे का, तिथे सायकलला मुभा आहे का, हेही आत्ताच विचारून घ्या. किल्ल्यांच्या पायऱ्या आणि तटबंदी हा ट्रेल नव्हे, एवढं सांगावं लागू नये.

अंगकाठी

उंची सगळ्यांना माहीत असते, इनसीम फार थोड्यांना. अनवाणी, भिंतीला पाठ टेकून उभे राहा. एक जाड पुस्तक दोन्ही पायांमध्ये घेऊन, सीटवर बसल्यावर येतो तसा दाब देत वर सरकवा. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर म्हणजे इनसीम. सायकलच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहिल्यावर वरच्या दांडीपासून किमान पाच सेंटिमीटर मोकळी जागा हवी, ट्रेलला त्याहून जास्त बरी. घसाऱ्यात पाय टेकायची वेळ सांगून येत नाही आणि उताराकडचा पाय नेहमी अपेक्षेपेक्षा खोल जातो.

स्मॉल, मीडियम, लार्ज या अक्षरांवर विसंबू नका. एका कंपनीचा मीडियम दुसरीच्या लार्जएवढा असू शकतो. कंपनीच्या तक्त्यात 'रीच' नावाचा आकडा असतो: पेडलच्या दांडीच्या, म्हणजे दोन्ही पेडल ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या, मध्यापासून हेड ट्यूबच्या, म्हणजे हँडलखालच्या फ्रेमच्या नळीच्या, वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर. उभं राहून सायकल चालवताना, म्हणजे उतारावर, ती लांब वाटेल की आखूड हे या आकड्यावरून कळतं. वेगवेगळ्या कंपन्यांची तुलना करायची तर याच आकड्याने. त्याच्या जोडीला सीट ट्यूबचा, म्हणजे सीटखालच्या नळीचा, कोन बघा. नव्या धाटणीच्या ट्रेल बाइकमध्ये तो ७४ ते ७७ अंश असतो. कोन जितका उभा तितके आपण पेडलच्या वर बसतो, आणि उभ्या चढावर पुढचं चाक उचललं जात नाही. हेड ट्यूबचा कोन ट्रेलला साधारण ६४ ते ६७. जुन्या ठेवणीच्या स्वस्त एमटीबीत तो ६९-७० सापडतो, आणि त्या सायकली उतारावर हँडलवरून पुढे फेकतील असं वाटत राहतं.

माझं मत विचाराल तर चाकाच्या आकारापेक्षा हे तीन आकडे जास्त महत्त्वाचे आहेत: रीच, हेड ट्यूबचा कोन, सीट ट्यूबचा कोन. पण दुकानात यांच्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण ते फ्रेमवर छापलेले नसतात. चाकाचा आकडा टायरवर मोठ्या अक्षरात असतो.

आता चाक

सव्वीस, साडेसत्तावीस, एकोणतीस ही नावं इंचांची असली तरी ती नुसती नावंच समजा. टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास हा खरा आकार, आणि तो मिलिमीटरमध्ये टायरच्या बाजूला छापलेला असतो. २६ चा ५५९, २७.५ चा ५८४ आणि २९ चा ६२२. रोड बाइकचं ७०० सी चाकही ६२२ चंच, म्हणजे 'एकोणतीस' हा रोडच्याच रिमच्या मापावर चढवलेला जाड टायर.

हे तीन आकडे शेजारी ठेवून पाहा. सव्वीस आणि साडेसत्तावीसमध्ये २५ मिलिमीटरचं अंतर, साडेसत्तावीस आणि एकोणतीसमध्ये ३८ चं. साडेसत्तावीस नावापुरतं मधलं आहे, प्रत्यक्षात ते सव्वीसच्या जवळ आहे. "दोन्हींचा मध्य साधतो म्हणून साडेसत्तावीस घ्या" असं कुणी सांगितलं तर हे लक्षात असू द्या.

हे तीन आकार आले कसे, ते थोडक्यात. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही पोरं जुन्या, फुगीर टायरच्या जड सायकली डोंगरावरून सोडायची. त्या सायकलींचे टायर २६ इंची होते, म्हणून माउंटन बाइक २६ ची झाली. कुणी प्रयोगशाळेत बसून तो आकार ठरवला नव्हता. १९९९ मध्ये विल्डरनेस ट्रेल बाइक्स या कंपनीचा नॅनोरॅप्टर हा जाड टायर ६२२ च्या रिमसाठी आला आणि एकोणतीसची वाट मोकळी झाली. २०१२ मध्ये स्विस स्वार निनो शुर्टरने साडेसत्तावीसवर विश्वचषक मालिकेतली शर्यत जिंकली, आणि त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये एकोणतीसवाल्या चेक स्वार यारोस्लाव्ह कुलहावीने त्याला मागे टाकून सुवर्ण नेलं. पुढे शुर्टरही एकोणतीसवर गेला. क्रॉस-कंट्री शर्यतींपुरता तो वाद तिथेच मिटला. ट्रेलवर तो पूर्ण मिटलेला नाही, आणि त्याला कारणं आहेत.

मोठं चाक दगडावरून सहज जातं, हे सगळेच म्हणतात. किती सहज? २.४ इंची टायर धरला तर एकोणतीसचा बाहेरचा व्यास साधारण ७४२ मिलिमीटर भरतो, साडेसत्तावीसचा ७०४. वाटेत दहा सेंटिमीटर उंचीचा, उभ्या कडेचा दगड आहे असं समजा. साडेसत्तावीसचं चाक त्याला साधारण ४४.३ अंशाच्या कोनात भिडतं, एकोणतीसचं ४३.१ अंशात. फरक एका अंशाहून थोडा जास्त. एवढ्याशा फरकासाठी एवढा गाजावाजा? एका दगडापुरतं बघितलं तर खरंच काही नाही. पण दगड एकटा नसतो. खडकाळ उतारावर मिनिटाला शेकडो धक्के बसतात, प्रत्येक धक्क्यात थोडा वेग जातो, आणि तासाभराने मनगटांना तो हिशोब कळतो. शिवाय मोठ्या चाकाचा जमिनीला टेकलेला भाग थोडा लांब असतो, त्यामुळे घसाऱ्यावर चढताना मागचं चाक जरा उशिरा घसरतं.

दुसरी एक गोष्ट कमी बोलली जाते. एकोणतीसचा अॅक्सल, म्हणजे चाकाच्या मधला आस, जमिनीपासून १९ मिलिमीटर जास्त उंच असतो, पण पेडलची दांडी दोन्ही सायकलींत जवळपास सारख्याच उंचीवर ठेवतात, नाहीतर पेडल दगडांना आपटतील. ती उंची ३१२ मिलिमीटर धरली तर एकोणतीसमध्ये आपले पाय अॅक्सलच्या रेषेच्या ५९ मिलिमीटर खाली येतात, साडेसत्तावीसमध्ये ४०. म्हणून एकोणतीसवर आपण सायकलच्या आत बसल्यासारखं वाटतं आणि साडेसत्तावीसवर सायकलच्या वर. उतारावर नवख्या माणसाला जो धीर येतो तो बराचसा यातून.

आता उलट बाजू. मोठं चाक जड असतं, आणि ते वजन कडेला असल्याने थांबून पुन्हा वेग घेताना जाणवतं. आरे लांब असल्यामुळे स्वस्त एकोणतीसचं चाक बाजूला लवकर लवतं आणि त्याला आउट, म्हणजे फिरताना डगमग, लवकर येतो. ब्रेकचा तोच डिस्क मोठ्या चाकावर साधारण पाच टक्के कमी ब्रेक देतो, तेव्हा एकोणतीसला पुढे १८० मिलिमीटरचा डिस्क असावाच. गिअरही तेवढाच जड होतो. पुढच्या चक्राला ३२ दात आणि मागच्या चक्राला ५१ असताना साडेसत्तावीसची सायकल पेडलच्या एका फेरीत साधारण १.३९ मीटर जाते, एकोणतीसची १.४६. उभ्या चढावर हे सात सेंटिमीटर मांड्यांना कळतात. उपाय स्वस्त आहे: एकोणतीसला पुढे ३० दातांची चेनरिंग (पेडलजवळचं चक्र) लावा, की हिशोब १.३७ वर येतो. दुकानदाराला आधीच सांगितलं तर बरेचदा तो बदलून देतो.

आणि उंची. पाच फूट दोन इंच उंचीच्या कुणाला स्मॉल फ्रेमचं एकोणतीस देऊन उभ्या उतारावर पाठवा. उतार वाढला की वजन मागे न्यावं लागतं, कंबर सीटच्या मागे जाते, आणि टायर पँटला घासतो. तो आवाज एकदा ऐकला की माणूस मागे जायचं सोडतो, पुढे राहतो, आणि मग पुढचा ब्रेक दाबताना घाबरतो. शिवाय लहान फ्रेमवर एकोणतीसचं चाक आणि लांब शॉकअप बसवला की हँडल उंच येतं, आणि आखूड फ्रेममुळे वळताना बुटाचं टोक चाकाला लागू शकतं. कंपन्यांनाही हे ठाऊक आहे. ट्रेक या सायकल कंपनीच्या मार्लिन मॉडेलमध्ये लहान फ्रेमला साडेसत्तावीस आणि मोठ्या फ्रेमला एकोणतीस चाकं येतात, ग्राहकाला विचारतही नाहीत. माझ्या मते तीच पद्धत सगळ्यात शहाणपणाची.

माझा ठोकताळा असा. पाच फूट सहाच्या वर असाल तर एकोणतीस घ्या आणि विषय संपवा. पाच फूट तीनच्या खाली असाल तर साडेसत्तावीस, दुकानदार काहीही म्हणो. मधल्या तीन इंचांत वाट बघून ठरवा: लांब पठारं, बैलगाडीच्या वाटा, खडकाळ उतार असतील तर एकोणतीस, झाडीतली वळणावळणाची अरुंद पायवाट, छोट्या उड्या, सायकल खेळवायची आवड असेल तर साडेसत्तावीस. मधल्या गटातल्यांनी दोन्ही चालवून बघणं भाग आहे, तिथे तक्ता कामाचा नाही.

पुढे एकोणतीस आणि मागे साडेसत्तावीस, ज्याला मलेट म्हणतात, हा तिसरा मार्ग. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना यूसीआयने २०१९ मध्ये शर्यतींतली दोन्ही चाकं सारखी असण्याची अट काढली आणि मग हा प्रकार फोफावला. पुढचं चाक दगड ओलांडतं, मागे बसायला जागा उरते. बुटक्या पण उतारावर धीट स्वारांसाठी हा उत्तम पर्याय, पण फ्रेम मुळात त्यासाठी बनवलेली हवी. एकोणतीसच्या फ्रेममध्ये नुसतं मागचं चाक बदललं तर पेडलची दांडी खाली येते, सगळे कोन बिघडतात आणि पेडल प्रत्येक दगडाला सलाम करतात. उलट, साडेसत्तावीसच्या फ्रेममध्ये एकोणतीसचं चाक बहुधा मावतच नाही. "नंतर चाकं बदलू" या भरवशावर सायकल घेऊ नका.

सव्वीसचं काय? नवी ट्रेल बाइक सव्वीसची घेऊ नये. जुनी, चांगल्या फ्रेमची सव्वीस स्वस्तात मिळत असेल तर शिकायला काही वाईट नाही, फक्त तिच्यासाठी चांगला शॉकअप आणि पकड असलेला टायर मिळवताना घाम फुटेल.

घरगुती बाबही बघा. एकोणतीसची सायकल छोट्या हॅचबॅकच्या डिकीत पुढचं चाक काढूनही मावेल याची खात्री नाही, आणि जुन्या इमारतीच्या लिफ्टमध्ये ती उभीच करावी लागते. टेप घेऊन आधी मोजा.

मागे शॉकअप हवा की नको

पहिली ट्रेल बाइक हार्डटेल घ्या, म्हणजे शॉकअप फक्त पुढे. फुल सस्पेन्शन वाईट आहे म्हणून नव्हे. त्याच पैशांत फुल सस्पेन्शन घेतली तर शॉकअप, ब्रेक, चाकं सगळं एक पायरी खालचं मिळतं. दुसरं म्हणजे आपला पावसाळा. मागच्या जोडांतल्या बेअरिंगमध्ये चिखल-पाणी जातं, ती बदलावी लागतात, मागच्या शॉकची सर्व्हिस करणारे कारागीर मोठ्या शहरांबाहेर सापडत नाहीत. स्वस्त सायकलींवर मागे जी स्प्रिंग दिसते ती तर शुद्ध दिखाऊ वजन. दर आठवड्याला खडकाळ उतारांवर जाणारे आणि खिसा सैल असणारे यांनी खुशाल फुल सस्पेन्शन घ्यावी, बाकीच्यांनी ते पैसे पुढच्या शॉकअपवर आणि टायरवर घालावेत.

तक्त्यात कुठे बोट ठेवायचं

सगळ्यात आधी शॉकअप. स्प्रिंगचा की हवेचा? स्प्रिंगचे शॉकअप कारखान्यातून साधारण सत्तरेक किलोच्या स्वाराला धरून येतात. पंचावन्न किलोच्या माणसाखाली तो निम्माही दबत नाही, म्हणजे शंभर मिलिमीटरचे पैसे देऊन पन्नास वापरायचे. हवेचा असेल तर पंपाने वजनाप्रमाणे जमवता येतो. हलक्या स्वारांसाठी, आणि त्यात बहुतेक मुली-बायका आल्या, हवेचा शॉकअप ही चैन नाही, ती गरज आहे. ट्रेल म्हणवणाऱ्या सायकलीचा शॉकअप स्प्रिंगचा असेल तर मी ती यादीतून काढतो.

मग अॅक्सल. चाक खटक्याने निघणाऱ्या बारीक क्विक रिलीजवर आहे की जाड थ्रू-अॅक्सलवर? आजचं प्रचलित माप पुढे ११० बाय १५ आणि मागे १४८ बाय १२ मिलिमीटर, ज्याला बूस्ट म्हणतात. एकोणतीसच्या लांब आऱ्यांना हे रुंद हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, चांगला आधार देतं. पुढे थ्रू-अॅक्सल नसलेलं एकोणतीस खडकाळ वळणावर हँडलचं ऐकत नाही. हेड ट्यूब खाली रुंद होणारी, म्हणजे टेपर्ड असेल तर नंतर कधी शॉकअप बदलता येतो. सरळ नळी असेल तर आहे त्यावरच आयुष्य काढावं लागतं.

मागच्या चक्रांचा संच हबवर सरकवून बसवलेली कॅसेट आहे की आट्यांवर घट्ट फिरवलेलं फ्रीव्हील, हे विचाराच. फ्रीव्हीलच्या हबमध्ये बेअरिंग आत सरकलेली असते, त्यामुळे दणके खाऊन अॅक्सल वाकतो. सात गिअरच्या बहुतेक सायकली याच जातीच्या. ट्रेलला पुढे एकच चेनरिंग आणि मागे दहा, अकरा किंवा बारा गिअर पुरतात. सर्वात मोठं चक्र ४६ दातांपेक्षा लहान नको, आपले चढ उभे आहेत. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या मागच्या डिरेलरला क्लच, म्हणजे चेन ताणून धरणारी सोय, हवा, नाहीतर दगडांवर चेन फटके मारत उतरते. गिअर किती यावरून सायकलीची किंमत करणारा दुकानदार भेटला तर दुसऱ्या दुकानात जा.

ब्रेक हायड्रॉलिक डिस्क. केबलचे डिस्क ब्रेक चिखलाने जड होतात. डिस्कवर 'रेझिन पॅड ओन्ली' असं इंग्रजीत कोरलंय का तेही वाचा. तसा डिस्क असेल तर पावसाळ्यात जास्त टिकणारे धातूचे पॅड त्यावर चालत नाहीत.

ड्रॉपर, म्हणजे हँडलवरच्या खटक्याने खाली-वर होणारी सीट, सायकलीबरोबर मिळाली तर सोन्याहून पिवळं. नसेल तर निदान फ्रेममध्ये तिच्या केबलसाठी भोक आहे का आणि सीट ट्यूब ३०.९ किंवा ३१.६ ची आहे का ते बघा, पुढे लावता येईल. ठेंगण्या स्वारांना ड्रॉपरमुळे मोठ्या चाकावरही मागे जायला जागा मिळते, तेव्हा वरच्या ठोकताळ्यातल्या मधल्या तीन इंचांत असाल तर निवड करताना हे धरा.

दुकानात गेल्यावर

नेहमीचे बूट घाला आणि पाठीवर पाण्याची पिशवी घेऊन जा. आधी टायरमध्ये हवा किती आहे ते तपासायला लावा. प्रदर्शनातल्या सायकलींत बरेचदा दगडासारखी हवा भरलेली असते, आणि तशा टायरवर दोन चाकांची तुलना करणं म्हणजे वेळ वाया घालवणं. दोन्ही सायकलींत सारखी हवा, सीट सारख्या उंचीवर, मगच चालवा.

शॉकअपच्या नळीवर रबरी कडी असेल तर ती खाली सरकवा, नसेल तर झिप-टाय सैलसर बांधा. कुणाला तरी मागून सायकल धरायला सांगून पेडलवर उभे राहा, हिसका न देता उतरा, आणि कडी किती वर सरकली ते मोजा. १२० मिलिमीटरच्या शॉकअपला ती २० ते २४ मिलिमीटर सरकावी. हवा कमी-जास्त करूनही ती तिथे येत नसेल तर तो शॉकअप तुमच्या वजनाचा नाही.

पुढचं चाक उचलून फिरवा आणि रिमची कड ब्रेकजवळच्या एका ठिकाणाशी ताडून बघा. नव्या सायकलीला आउट असेल तर पैसे देण्याआधीच काढून घ्या. दोन-दोन आरे चिमटीत दाबत चाकभर फिरा, कुठे सैल लागला तर तोही सांगा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे ढकला, हँडलखाली टकटक जाणवली तर हेडसेट, म्हणजे हेड ट्यूबमधली बेअरिंग, सैल आहे.

मग चालवा. सपाट पार्किंगमध्ये पाच मिनिटांच्या फेरीत फक्त गिअर कळतात. जवळ फुटपाथची कड असेल तर सावकाश तिच्यावर चढवा, सीटवर बसून आणि मग उभं राहून. अरुंद जागेत इंग्रजी आठचा आकडा काढा. दोन्ही चाकांतला खरा फरक इथे दिसतो: एकोणतीस कड सहज गिळेल, साडेसत्तावीस आठचा आकडा सहज काढेल. कुणा मित्राकडे तशी सायकल असेल तर टेकडीवर एक सकाळ मागून घ्या. कुठल्याही तक्त्यापेक्षा ते मोलाचं.

पैशांची वाटणी करताना सगळं बजेट सायकलीत घालू नका. हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, पंप, शॉकअपचा पंप आणि ट्यूबलेसचं सामान यासाठी दहा-पंधरा टक्के बाजूला ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या छापील किमतीवरची 'सूट' ऐकून हुरळून जाऊ नका, बिलावरचा कर वाचा.

घरी आणल्यावर

पहिलं काम ट्यूबलेस. आपल्या टेकड्यांवर बाभळीचे काटे आहेत, आणि ट्यूबवाल्या चाकाने तिथे जाणं म्हणजे पंक्चर काढायचा क्लास लावणं. रिम आणि टायर ट्यूबलेसला चालणारे आहेत का, हे खरेदीआधीच विचारून ठेवलेलं असावं. एकोणतीसच्या २.४ टायरमध्ये शंभर मिलिलिटरच्या आसपास सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, लागतो, साडेसत्तावीसला किंचित कमी. उन्हाळ्यात तो लवकर सुकतो, दर दोन महिन्यांनी चाक हलवून आत पाणी डुचमळल्यासारखा आवाज येतो का ते ऐका. काटा रुतला तर उपटू नका, तसाच मोडून पुढे चला.

हवा. टायरवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी भरायची नसते. २.३-२.४ च्या ट्यूबलेस टायरला सत्तर किलोच्या स्वाराने पुढे २२ आणि मागे २५ पीएसआयपासून सुरुवात करावी. मागचं रिम दगडाला ठणकन लागलं तर दोनने वाढवा, मुरूमावर पुढचं चाक सरकलं तर एकने कमी करा. हे दोन-तीन पीएसआय इकडेतिकडे झाल्याने जो फरक पडतो तो कधी कधी साडेसत्तावीस आणि एकोणतीसमधल्या फरकाहून मोठा निघतो.

पिशवीत तरीही एक ट्यूब हवीच. सीलंटला न आवरणारी चीर पडली तर तीच घरी आणते. ती आपल्याच मापाची असावी, पण अडचणीत सव्वीसची ट्यूब साडेसत्तावीसमध्ये ताणून बसते. गावातल्या पंक्चरवाल्याकडे एकोणतीसची ट्यूब मिळेल ही आशा ठेवू नका. त्याच्या पंपाला आपला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हही बसत नाही. त्यासाठी पितळी अॅडॅप्टर मिळतो, चिल्लर किमतीचा, तो व्हॉल्व्हवरच फिरवून ठेवा.

नव्या डिस्क ब्रेकची पकड लगेच येत नाही. निर्मनुष्य रस्त्यावर चांगला वेग घेऊन, चाक लॉक न करता, आधी पुढचा मग मागचा ब्रेक पंधरा-वीस वेळा दाबा. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर आरे, हेडसेट आणि क्रँक पुन्हा आवळून घ्यावे लागतात, बहुतेक दुकानं पहिली सर्व्हिस फुकट करून देतात. पावसात फिरून आलात तर प्रेशर पाइपने धुऊ नका, पाणी थेट बेअरिंगमध्ये जातं. बादली, ब्रश, आणि चेनला तेल.